मी ‘हो’ दाबलं

३ मार्च, सोमवार

ही वही लेकीने दिली. ती ज्या डॉक्टरीणबाईंकडे काम करते तिथे औषध कंपन्या वाटतात, त्यातली. म्हणाली, "आई, डोक्यात येईल ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलण्यापेक्षा यात लिहीत जा. दोन गिऱ्हाइकं जास्त टिकतील." मी म्हटलं, टिकायची ती टिकतात. कोट घट्ट होतोय तो कोटाच्या दोषाने नाही, पोटाच्या, हे सांगितलं तर काय बिघडलं?

चौथी शिकलेय. अक्षर वाकडं आहे. कुणाला दाखवायचं नाही, तेव्हा चालेल.

आज लिहितेय ते रागाने. मधल्या खोलीत एका भिंतीला माझं शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीला लेकीचा कॉम्प्युटर. वर्षभर असंच चाललंय. डॉक्टरीणबाई मनाच्या डॉक्टर आहेत. पेशंट गेला की त्या यंत्रात बोलून ठेवतात, लेक घरी आणून ते ऐकून टाइप करते. कॉम्प्युटर मोकळा असला की मी त्यावर कटिंगचे व्हिडिओ बघते. तर काल हिने काय केलं? माझं खातं वेगळं केलं. तिचं तिला, माझं मला. मी म्हटलं, "अगं, एका घरात चूल वेगळी केलीस की गं!" म्हणाली, "चूल कसली आई, पेशंटचे कागद आहेत. डॉक्टरीणबाईंना शब्द दिलाय, माझ्याशिवाय कुणी तिथे जाणार नाही म्हणून." कुणी म्हणजे मी. नऊ महिने पोटात वाढवली ती मी.

६ मार्च, गुरुवार

हिचं सोवळं वाढतच चाललंय. पाणी प्यायला उठली तरी पडद्याला कुलूप लावून उठते. मावशीचं पत्र आलं कॉम्प्युटरवर, सोबत फोटो होता, तर उघडण्याआधी मावशीला फोन! "मावशी, तू खरंच पाठवलंयस ना?" माझी बहीण बिचारी गोंधळली. दर शनिवारी सगळ्याची नक्कल एका छोट्या डबीत काढते आणि वायर काढून डबी कपाटात ठेवते. मी म्हटलं, लावूनच ठेव की, दर वेळी वाकतेस कशाला? "आई, घराला आग लागली तर दुसरी किल्ली घरातच ठेवून काय उपयोग?" आमचे हे पेपरमागून हसले. हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर खड्ड्यात उभे असतात, त्यामुळे घरी बोलत नाहीत. हसले मात्र लेकीच्या बाजूने.

एक गंमत लिहून ठेवते. तिचा पासवर्ड मला येतो. अक्षरं नाही येत, हात येतो. वर्षभर तिच्या पाठीमागे बसून काज-बटणं करतेय. कुठलं बोट कुठे पडतं, कुठे थांबतं, शेवटी करंगळी कशी वाकडी होते, सगळं बोटांत बसलंय. शिवणीची चाल एकदा बघितली की मला विचारावं लागत नाही. तिला सांगितलं नाही. सांगितलं तर बदलेल.

११ मार्च, मंगळवार

एका व्हिडिओतली बाई म्हणाली, कटिंगचे नमुने पूर्ण मापात छापून मिळतात, फुकट, नुसतं उतरवून घ्या. शाळेचे गणवेश सुरू व्हायच्या आधी मला तेच हवं होतं. लेक सकाळी दवाखान्यात गेली, मी बसले.

काय ती जागा! ‘इथे दाबा’ असं सात ठिकाणी लिहिलेलं, सगळं लुकलुकतंय. मी सगळीकडे दाबलं. खालून पाटी आली, अमुक मान्य आहे का? हो. तमुक मान्य आहे का? हो. वाचत बसायला वेळ कुणाला आहे? मग म्हणे या खात्यातून होणार नाही, मोठ्या खात्याचा पासवर्ड द्या. म्हणजे माझ्या हातात काही नाहीच. तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ लेकीच्या खात्यात गेले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा हात बरोबर पडला. परत पाट्या, परत हो, हो, हो.

एवढं करून नमुना काही निघाला नाही. लेक यायच्या आत सगळं होतं तसं करून ठेवलं.

१२ मार्च, बुधवार

आज घाबरले, ते खोटं कशाला लिहू. कॉम्प्युटर लावला तर एकदम भोंगा वाजायला लागला. पडदा लालभडक. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये विषाणू शिरला आहे. बंद करू नका. बंद केल्यास सर्व माहिती नष्ट होईल.’ खाली फोन नंबर. मला लेकीचे कागद आठवले. हातातली कात्री तशीच घेऊन फोन केला.

माणूस इतका चांगला! आवाज मऊ. "घाबरू नका ताई, तुम्ही अगदी वेळेत फोन केलात." एकेक अक्षर सांगत होता, मी दाबत होते. चुकले की म्हणायचा, "काही हरकत नाही ताई, पुन्हा करू." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, या घरात ‘पुन्हा करू’ मला कुणी म्हटलेलं नाही. मग पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. मी हात काढून घेतला. म्हणाला, "मीच आहे ताई. आत येऊन साफ करतोय." भोंगा बंद झाला. एक पैसा मागितला नाही. मागितला असता तर मी ओळखला असता, मी काही कच्ची नाही.

यावर काय काम चालतं, विचारलं. मी सांगितलं, माझी मुलगी मनाच्या डॉक्टरीणबाईंचं टाइप करते, मोठमोठे लोक येतात तिथे, कागद जपून ठेवावे लागतात. म्हणाला, "वा ताई, हुशार मुलगी आहे तुमची." खरंच आहे. मी तिला कधी म्हणत नाही ते वेगळं.

१४ मार्च, शुक्रवार

त्याने आपणहून फोन केला. थोडं साफ करायचं राहिलंय, दुपारभर कॉम्प्युटर चालू ठेवा म्हणाला. मी लेकीच्या खात्यातून चालू ठेवला आणि गणवेशाच्या बाह्या लावत बसले. मध्ये मध्ये बोलत होता. माझे गुडघे, मशीनचा पट्टा, सगळं विचारलं. म्हणाला, "मुलीला सांगू नका ताई, उगाच काळजी करेल. झालंच आहे साफ." मला पटलं. तिला कळलं असतं तर आठ दिवस भाषण ऐकावं लागलं असतं.

हे लवकर आले. "कुणाशी बोलत होतीस एवढं?" म्हटलं, गिऱ्हाईक. "गिऱ्हाइकाशी? तू? हसून?"

२४ मार्च, सोमवार

लेक भर दुपारी घरी आली. चप्पल न काढता माझ्या कापडांच्या ढिगावर बसली. मी ओरडणार होते, तोंड बघून गप्प राहिले.

डॉक्टरीणबाईंच्या अकरा पेशंटना पत्रं आली आहेत. तुम्ही डॉक्टरांना काय काय सांगितलं ते सगळं आमच्याकडे आहे, पैसे द्या, नाहीतर तुमच्या घरच्यांना पाठवू. आणि पत्रातली वाक्यं शब्द न् शब्द लेकीने टाइप केलेली. डॉक्टरीणबाईंनी तिचं काम थांबवलंय.

मी म्हटलं, "तू बोललीस का कुणाशी? मैत्रिणींत बसलं की जीभ सैल होते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सावकाश विचारलं, "आई, तू माझ्या खात्यात गेली होतीस का?"

"मी? मला कुठे येतं तुझ्या खात्यात जायला?"

"नक्की?"

"नक्की म्हणजे? आईला चोर ठरवतेस?"

ती म्हणाली, "नाही." उठली आणि चप्पल काढायला बाहेर गेली.

२५ मार्च, मंगळवार

त्या माणसाला फोन लावला. एवढा जाणकार आहे, काहीतरी उपाय सांगेल असं वाटलं. नंबर अस्तित्वात नाही म्हणे. चार वेळा लावला.

नंबर बदलला असेल.

२६ मार्च, बुधवार

नाही बदललेला. काल लिहितानाच मला माहीत होतं. वहीतसुद्धा खोटं लिहिते मी.

२७ मार्च, गुरुवार

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची बायको आली. ती अकरातली एक. तिने पैसे दिले नाहीत, म्हणून ते पत्र नवऱ्याच्या फोनवर गेलं. त्यात काय होतं ते सगळ्या गल्लीला कळलंय, मलाही. इथे लिहिणार नाही. कुणी दार लावून डॉक्टरला सांगितलेलं होतं ते.

दारातच उभी राहिली. हाताला पीठ तसंच. लेक उठून दारात तिच्यासमोर गेली.

"माझं बोलणं कानात घालून ऐकत होतीस ना गं तू? मजा वाटत होती?"

"नाही काकू."

"बाई, पाव घ्यायला यायचीस, ‘काकू कशा आहात’ विचारायचीस! तुला माहीत होतं की मी कशी आहे! किती जणांना वाचून दाखवलंस?"

"कुणालाच नाही काकू. पण माझ्याकडून गेलं. माफ करा."

"माफ करून माझा नवरा माझ्याशी बोलणार आहे का? दोन पोरं माझ्याकडे बघतात ती कशी बघतात, तू बघ येऊन!"

समोरच्या खिडक्या उघडल्या. लेक उभीच, मान खाली नाही, वर नाही. मी मशीनवर होते. कोटाचं अस्तर अर्ध्यावर होतं, ते पुरं करत होते. अस्तर काय, नंतरही झालं असतं.

३० मार्च, रविवार

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेला. डबा लेकीने घेतला, मी वायरी. दुकानात एक पिकल्या केसांचा माणूस, चष्मा दोऱ्याने बांधलेला. लेक कागद भरायला आत गेली तेव्हा मी त्याला विचारलं, एखाद्याच्या कॉम्प्युटरवर लाल पाटी आली, भोंगा वाजला, तर ते काय असतं?

"चित्र असतं, बाई."

"म्हणजे?"

"नुसतं चित्र. भिंतीवर वाघ काढला तर चावतो का? त्यांचा वाघ तुम्ही फोन केलात की आत येतो. दार तुम्हीच उघडता."

"आणि बटण दाबून सरळ बंद केला असता तर? माहिती नष्ट झाली असती ना?"

"काही झालं नसतं. बंद करायचा, वायर उपटायची, घरातल्या जाणत्या माणसाला विचारायचं. संपलं." मग चष्म्यावरून बघितलं. "तुमच्याकडे आली होती का पाटी?"

मी म्हटलं, शेजारणीकडे.

घरातला जाणता माणूस माझ्या मशीनपासून चार हातांवर बसत होता. विचारायला जीभ हलवायची होती. एवढी चालणारी जीभ, तेवढ्याला नाही हलली.

२ एप्रिल, बुधवार

काही नाही. पडदे शिवले.

७ एप्रिल, सोमवार

लेक आजपासून औषधांच्या गोदामात जाते. खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. उभ्याने काम. टाइप करताना तिची बोटं अशी पळायची की मी मशीन थांबवून बघायची. म्हणून तर शिकले ना, बघत बघत.

कॉम्प्युटर पुसून साफ करून परत आला. शनिवारच्या डबीमुळे तिचे स्वतःचे फोटो, दाखले सगळं वाचलं. डॉक्टरीणबाईंचे कागद तिने आधीच परत देऊन टाकले. नवीन कुलपं लावली, मला बोलावून माझं खातं दाखवलं. म्हणाली, "काही उतरवायचं असेल तर आधी मला विचार. पाटी आली तर वाच. नाही कळली तर ‘नाही’ दाब, ‘नाही’ने कधी काही बिघडत नाही." मी म्हटलं, बरं. माझं ‘बरं’ ऐकून हे जेवताना थांबले. त्यांनी या घरात माझ्या तोंडून कधी ऐकलं नसेल.

मी एकदा चुकले तर म्हणाली, "असू दे आई." आवाज अगदी मऊ. तिला लहानपणी सुईत दोरा ओवायला शिकवताना मी हातावर मारायची. पहिल्यांदा चुकली तरी.

१२ एप्रिल, शनिवार

डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाहेर खुर्च्या आठ, माणूस एक नाही. त्यांना वाटलं पेशंट आले.

मी उभ्यानेच सांगितलं. पासवर्ड चोरला मी, ‘हो’ दाबलं मी, फोन केला मी, तुमचं काम काय चालतं तेही मीच सांगितलं. माझ्या पोरीचा काही दोष नाही. तिला परत घ्या.

त्या म्हणाल्या, "बसा आधी." मी बसले नाही.

"तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, पासवर्ड माझा होता, कॉम्प्युटर माझ्या घरचा होता, चूक माझी. तुमचं नाव नाही घेतलं. मी दोनदा विचारलं, घरात आणखी कोण वापरतं? म्हणाली, मीच."

"आता कळलं ना? मग घ्या."

"कशासाठी घेऊ?" रिकाम्या खुर्च्यांकडे हात केला. "लोक यायचे थांबलेत. मी तरी तिला कागद घरी न्यायला द्यायला नको होते. माझाही आळस होता." मग म्हणाल्या, "तुम्ही आलात हे बरं केलंत. पण तुम्ही चुकीच्या ठिकाणी आधी आलात, असं मला वाटतं."

हे डॉक्टर लोक कोड्यात का बोलतात? सरळ सांगायचं ना. पोलिसांनी बोलावलं तर मी जाईन, असं सांगून आले.

१३ एप्रिल, रविवार

बेकरीत गेले. गर्दी कमी व्हायची वाट बघितली. नवरा आत भट्टीशी, पाठ करून. तिला सांगितलं, हळू. मला हळू बोलता येतं हे मलाच नवीन.

ती पाव बांधत होती. बांधतच राहिली. म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही आत होता."

"होते."

"मशीनचा आवाज येत होता."

"हो."

"मी तुमच्या पोरीला जे बोलले ते मला परत घेता येत नाही. तुम्ही केलंत ते तुम्हाला नाही." पुडा पुढच्या गिऱ्हाइकाला दिला. "तिला जाऊन सांगा."

"काय सांगू?"

"मला काय विचारता? एरवी तुमच्या तोंडाला कुणी लागत नाही."

मी रिकाम्या हाताने घरी आले. आमच्याकडे पाव दुसऱ्या दुकानातून येतो आता. हे आणतात.

१९ एप्रिल, शनिवार

सहा दिवस रोज ठरवत होते. कधी तिला झोप, कधी मला शिवण, कधी हे घरात. आज कारण शिल्लक राहिलं नाही.

ती गोदामातून आली, खाटेवर बसून मोजे काढत होती. मी मशीन बंद केलं आणि तिच्याकडे तोंड करून बसले. म्हटलं, "मीच होते. तुझ्या खात्यात. तुझे हात बघून पासवर्ड शिकले. पाटी आली तेव्हा त्या माणसाला फोनही मीच केला. आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले."

तिने एक मोजा काढला, मग दुसरा.

"माहीत आहे."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं?"

"नाही. विचारलं तेव्हाच ओळखलं होतं, रात्री कॉम्प्युटरवर बघितलं. अकरा तारखेला, मंगळवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या नावाने कुणीतरी आत गेलं. तिथे लिहिलेलं असतं, आई. मी दवाखान्यात होते, बाबा लिफ्टच्या खड्ड्यात. दुसरं कोण होतं घरात?"

"मग बोलली का नाहीस? ओरडायचं होतंस माझ्यावर!"

"विचारलं ना मी. तू नाही म्हणालीस." पाय चोळत होती. उभं राहून टाचा सुजल्या आहेत. "वाटलं, संध्याकाळी सांगेल. मग वाटलं, उद्या. काकू दारात बोलत होत्या ना, तेव्हा मला सारखं वाटत होतं, आता मशीन थांबेल. आता थांबेल."

मशीन बंद होतं, तरी माझा हात चाकावर गेला.

"त्यानंतर नाही वाट बघितली," ती म्हणाली.

रागाने नाही. राग असता तर मला जमलं असतं, रागाला उत्तर माझ्याकडे कायम तयार असतं. मी म्हटलं, मी डॉक्टरीणबाईंना सांगितलंय, काकूंनाही सांगितलंय, पाहिजे तर गल्लीत उभी राहून सांगते. ती म्हणाली, "बरं केलंस. गल्लीत नको." मग विचारलं, "तू जेवलीस का?"

मी तिचे मोजे धुवायला टाकायला उचलले. ती म्हणाली, "राहू दे आई, मी टाकते," आणि माझ्या हातातून घेतले. तेही रागाने नाही.